पहिल्या हंड्याची वाट

पाणी जमिनीखाली बोलतं, असं मी म्हटलं की आमच्या घरात सगळे एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. कृष्णाकाठच्या आमच्या नगरपालिकेत मी सगळी नोकरी पाणीखात्यात काढली, आणि त्यातली बरीचशी रस्त्यावर ओणवी होऊन, लोखंडी सळईला कान लावून. सळईचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला वाटीसारखी चकती असते तिच्यावर कान ठेवायचा. पाइप धड असेल तर आत नुसतं गुणगुणतं. कुठे फुटला असेल तर फुसफुसतं, एखादी बाई दात-ओठ खाऊन पुटपुटावी तसं. निवृत्त झाले तेव्हा खात्याने शाल-श्रीफळ दिलं, आणि मी वर ती सळईही मागून घेतली. यंदाच्या चैत्रात ती सळई घेऊन मी जव्हार-मोखाड्याला जाऊन आले. तुमच्यापैकी ज्यांनी जव्हारचं नाव ऐकलंय त्यांनी ते पावसाळ्यातल्या धबधब्यांसाठी ऐकलं असेल. मी गेले ती धबधबे आटल्यावर.

बोलावणं गावित सरांचं. त्यांची मुलगी मनीषा नर्सिंगच्या शिक्षणाला आमच्या गावात होती आणि आमच्याच माडीवर राहायची. ती मला काकू म्हणायची म्हणून सरही काकूच म्हणतात. खरं तर माझ्याहून ते काही फार लहान नाहीत. मोखाड्याच्या बाजूला एका शाळेवर शिक्षक आहेत. फोनवर म्हणाले, "काकू, आमच्या वरच्या पाड्याला नळ आला, पण पाणी काही चढत नाही. ठेकेदार बघून गेला, साहेब बघून गेले. तुम्ही एकदा कान लावून बघता का?" या वयात आपल्या कानाचं कुणी असं कौतुक केलं की माणूस विरघळतोच. मी पिशवी भरली.

जव्हार

जव्हार उंचावर आहे आणि सकाळी बराच वेळ अर्धवट झोपेत असतं. लॉजमधून बाहेर पडले तर हवेत गारवा, रस्त्यावर एक कुत्रं आणि एक चहावाला, बाकी सगळं धुरकट. चालत चालत हनुमान पॉइंटला गेले. खाली दरी आहे असं म्हणतात. मला दिसलं ते नुसतं धुकं, त्यातून वर आलेला एक डोंगर, त्यामागे जरा फिकट दुसरा, त्यामागे आणखी फिकट, आणि शेवटचा तर खरंच आहे की माझ्या चष्म्यावरचा डाग आहे तेही कळेना. मी चष्मा पुसून पाहिला. डोंगरच होता.

गावित सर तिथेच आले. उंच, सावकाश बोलणारे, प्रत्येक वाक्याआधी थोडं थांबणारे. मी आहे तोंडाळ. त्यामुळे त्यांचं वाक्य सुरू होईपर्यंत माझी दोन होऊन जात.

"काकू, चालेल ना एवढं?" त्यांनी विचारलं. "पाड्यावर जायला गाडीरस्ता नाही. थोडी चढण आहे."

"थोडी म्हणजे किती?"

ते थांबले. "थोडी म्हणजे... आमच्यासाठी थोडी."

पुढे जीपमध्ये माझी सळई आडवी मावेना, तिरकी ठेवली तर शेजारच्या म्हाताऱ्या बाबांच्या बरगडीत टोचायला लागली. बाबांनी ती हातात घेतली, चकतीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा काय, बंदूक?" सर म्हणाले, "नाही बाबा, डॉक्टरचं आहे. जमिनीची छाती तपासतात." बाबांनी मग ती मोखाड्यापर्यंत आपल्याच मांडीवर सांभाळून नेली. खिडकीतून उतारावरचे मोह दिसत होते, पानं झडलेली आणि फुलांनी लगडलेली. त्यांचा तो गोड, जड, थोडासा आंबूस वास जीपभर पसरला होता, आणि त्या वासात मला अशी गुंगी आली की मोखाडा कधी आला ते समजलंच नाही.

खोडाळ्याचा बाजार

त्या दिवशी खोडाळ्याचा बाजार होता, म्हणून सर म्हणाले आधी तिकडे जाऊ, पाड्यावरची माणसं तिथेच भेटतील. आमच्याकडच्या बाजारात भाज्यांचे ढीग असतात, पालेभाजीवर पाणी शिंपडत बसलेल्या बायका असतात. इथे चैत्रात हिरवं फारसं नव्हतं. सुकट, बोंबील, कांदे, मिरच्या, बांगड्या, प्लॅस्टिकचे हंडे. सुक्या मासळीच्या वासाची सवय नसल्याने मी पदर नाकाला लावला, आणि जेवणाच्या वेळी तीच सुकट पुन्हा पुन्हा मागून खाल्ली, ते निराळं.

जनीबाई मला तिथेच भेटली. बारकीशी, कपाळावर गोंदण, उजव्या गुडघ्यावर हात ठेवून चालायची लकब. ती खोबरं आणि बाळंतशेपा घेत होती. सरांनी ओळख करून दिली तशी तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू पानीवाली बाय?"

इकडे सगळ्यांनाच अरे-तुरे. मोठ्या साहेबालाही 'तू कवा आला' असंच विचारतात. आमच्याकडे अहो-जाहोत एखादा शब्द चुकला तर लग्नं मोडतात! मला तर ते 'तू' भारी आवडलं. मी म्हटलं, "हो, मीच पाणीवाली."

"माझी पोर येयाची हाय, रंजना. पैलं बाळंतपन. लगीन होऊन लय वरसं झालीत, आता कुठं देवानं बघितलं." हे सांगताना तिने खोबऱ्याची पिशवी पोटाशी धरली. मग एकेक करून सगळं बोलली. मुलगी वांगणीला दिलेली, पण नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर असते. सूनही मुलाबरोबर भट्टीवरच. घरात जनीबाई एकटी. बाळंतपण खोडाळ्याच्या दवाखान्यात होईल, ते ठीक. पण मग घरी आणल्यावर बाळंतिणीच्या अंघोळीला, बाळाच्या कपड्यांना पाणी कुठून आणायचं? नाल्यातल्या डोहावरून हंडा वर चढवायचा तर गुडघा असा.

"जावय बोलतो, पानी नाय तं तिकडंच राहूं दे. भट्टीवर टँकर येतं." तिने पिशवीला गाठ मारली. "भट्टीचे झोपडीत माझी पोर बाळंतीन होल? मंग मी आय कशाला?"

तिचे डोळे भरून आले, आणि मला असं कुणी रडायला लागलं की माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हटलं, "चढवते की पाणी! त्यात काय मोठंसं!"

कप्पाळ माझं. अजून लाइन पाहिली नव्हती, टाकी पाहिली नव्हती. जनीबाईने तिथल्या तिथे सरांच्या फोनवरून मुलीला फोन लावला आणि बाजाराच्या गोंगाटावर ओरडून सांगितलं, "ये गं तू! पानीवाली बाय आली हाय!" बाजारातून निघताना सरांनी तोंड उघडलं. त्यांचं वाक्य सुरू व्हायच्या आत मी म्हटलं, "माहितीये. बोलू नका."

पाडा

पाड्याचं नाव मी सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पोशेऱ्याच्या पुढे, डांबर संपल्यावर चालत. वाट आधी एका खिंडीत उतरते आणि मग चढते. नागलीची आणि भाताची खाचरं कोरडी, भाजलेली, राबासाठी जाळलेल्या पालापाचोळ्याच्या राखेने काळी. मधूनच एखादं कुसुमाचं झाड, कोवळ्या पानांनी लालेलाल. ऊन असं की सगळं थरथरताना दिसायचं आणि आपण चालतोय की वाट आपल्याखालून सरकतेय ते समजेना. मोठमोठी धरणं इकडे, मुंबई पाणी पिते ते इकडचं. सर हे चालता चालता सहज सांगून गेले, वाटेतलं एखादं झाड दाखवावं तसं.

खिंडीच्या अलीकडच्या टेकडीवर पाण्याची टाकी. सौरपंपाने ती दिवसा भरते. तिथून लोखंडी पाइप उताराने खिंडीत जातो आणि पलीकडे पाड्यावर चढतो. पाड्याचं नळकोंडाळं टाकीपेक्षा थोडंच खाली. गवंडी लोकांची ती पारदर्शक नळी पाहिली असेल तुम्ही, भिंतीची पातळी बघायची, पाणी भरलेली. एक टोक इकडे, एक टोक तिकडे, मधे लोंबती नळी, आणि दोन्हीकडे पाणी समपातळीत. ही योजना म्हणजे अगदी तेच. टाकीपासून पुढे तिला पंप नको, वीज नको, काहीच नको, फक्त मधली नळी शाबूत हवी.

नळकोंडाळ्याला सुंदर निळा रंग दिला होता. तोटी फिरवली तर आतून मुंगळे बाहेर पडले.

जनीबाईच्या घरी जेवले. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, आत इतका थंड अंधार की बाहेरचं ऊन खोटंच वाटावं. नागलीची भाकर, खुरासणीची चटणी, सुकट, नंतर कोरा चहा. आमच्याकडे पाहुण्याला दूध घातल्याशिवाय चहा दिला तर तो अपमान समजतात. इथे दूधच नव्हतं, आणि तो गुळाचा चहा मी अजून आठवून आठवून पिते. जेवणाआधी तिने मला तांब्या दिला. मी चूळ भरली, हात धुतला आणि उरलेलं पाणी सवयीने अंगणात भिरकावून दिलं. कोंबड्या धावत आल्या. जनीबाईने तांब्या उचलून नेला आणि पुन्हा भरून आणला, यावेळी अर्धा. मला इतकी लाज वाटली की भाकरीचा पहिला घास बराच वेळ तोंडातच फिरत राहिला.

दुपारी मी सळई काढली. टाकी भरली होती, झडप उघडून पाइपात पाणी सोडलं होतं. पाड्याजवळ एका मोहाखाली पाइप उघडा होता. तिथे सळई टेकवून कान ठेवला. लांब, फार लांब काहीतरी चाललं होतं. गुणगुण म्हणावी तर गुणगुण नाही, फुसफुस म्हणावी तर तीही नाही. मी डोळे मिटले. वर मोहाचं एखादं फूल देठापासून सुटून टप्पकन पडायचं. आत पाणी काहीतरी सांगत होतं आणि मला आमचा घाट दिसला, पायऱ्या, संथ नदी, आईने धुवायला घेतलेली सतरंजी पाण्यावर पसरलेली...

जागी झाले तेव्हा माझ्याभोवती पाड्यातल्या सगळ्या बाया बसल्या होत्या, हात जोडून, चिडीचूप. माझ्या केसांत मोहाची फुलं. मी डोळे उघडले तशी एक म्हातारी हळूच पुढे सरकली आणि तिने विचारलं, "काय बोलला देव?"

माझ्या अंगात आलंय असं त्या समजल्या होत्या. झोप लागली होती म्हणून सांगायची सोय राहिली नव्हती. मी घाईघाईने बोट दाखवलं, "इथे खणा!" सरांनी आणि दोघा गड्यांनी त्या भाजलेल्या जमिनीत घाम गाळून चर खणला. पाइप निघाला, ठणठणीत, कोरडा, कुठे ओलीचा थेंब नाही. सर घाम पुसत म्हणाले, "काकू... देवाचा अंदाज थोडा चुकला." बाया पदरात तोंड लपवून हसायला लागल्या, आणि मीही हसले, दुसरं काय करणार.

झऱ्यापाशी

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. आता झोपायचं नाही असं ठरवून मी पाइपाच्या कडेकडेने पाड्याकडून खिंडीत उतरत गेले, ठिकठिकाणी सळई लावत. जसजशी खाली गेले तसतसा आवाज जवळ आला. कुजबुज झाली, मग फुसफुस झाली. सर मागे, त्यांच्यामागे बाया, सगळ्यांत मागे गुडघ्यावर हात ठेवून जनीबाई.

आणि खिंडीच्या तळाला एकदम हिरवं.

खरं सांगते, मला आधी वाटलं उन्हाने डोळे फिरले. भोवती सगळा करपलेला डोंगर आणि मधोमध अंगणाएवढं हिरवं. नेचे, लव्हाळं, आळू. पांढऱ्या फुलपाखरांचा थवा ओल्या मातीवर बसलेला, आमच्या चाहुलीने उठला आणि पुन्हा तिथेच बसला. गार वारा. एका खडकाच्या पोटात शेंदूर लावलेले दगड, त्यांच्यापुढे नारळ, पणत्या, आणि दगडांवरून सतत, शांतपणे पाणी वाहतंय. मी चपला काढल्या आणि पाय पाण्यात ठेवले. किती वेळ उभी होते कोण जाणे. तिथून हलूच नये असं वाटत होतं.

"हा जुना झरा," सर म्हणाले. "बरीच वर्षं आटला होता. आता देवाकडे पुन्हा पाणी आलंय, पण त्याचं पाणी कुणी हंड्यात भरत नाही."

पाइप त्या खडकाच्या मागूनच जात होता. वर दगड रचलेले, पालापाचोळा टाकलेला. मी सळई उचलली.

"तिथं नको बाय," जनीबाई म्हणाली. "ता देवाचा."

मी तोवर टेकवली होती. काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांच्या नोकरीत असा आवाज मी क्वचित ऐकला असेल. कान ओढून घ्यावा लागला. वरचा एक दगड बाजूला केला. पाइपाला भोक होतं. गंजून पडलेलं नव्हे, पाडलेलं. कडा पाण्याने खाऊन खाऊन मोठं झालेलं, आणि पाण्याचा जाड फवारा थेट देवाच्या दगडांवर पडत होता.

"हे कुणी केलं?" मी ओरडले. सवयच आहे. गावात नळ चोरून जोडणाऱ्यांवर मी असंच ओरडायची. "कुणी केलं हे? सगळं पाणी इथे सांडतंय! वर काय चढणार, डोंबल?"

सर पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. जनीबाई हळूहळू खाली बसली, दुखरा गुडघा लांब करून.

"मी केला," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. नवं भात घरात आलं की आधी देवाला, मग आपण. पावसात पहिली रानभाजी उगवली तरी देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. तिकडे हे कुणी मोडत नाही, पोरंसुद्धा. "मंग नवा पानी आला, ता आपुन आधी कसा पियाचा? देव इथं सुका बसला होता." पाइप टाकणाऱ्या फिटरला तिने कोंबडा देऊन बारीक भोक पाडून घेतलं. करंगळीसुद्धा जाणार नाही एवढंसं. आणि त्या दिवशी तिथेच हात जोडून नवस बोलली: माझे पोरीची कूस भर, मी तुला कधी सुका ठेवणार नाही.

"आन् त्यानं भरली बाय. त्यानं त्याचा पाळला."

पाड्यातल्या सगळ्यांना ते भोक माहीत होतं. कुणालाच ते गळती वाटलं नव्हतं. नैवेद्य दाखवला की ताट आपलंच असतं. देव वास घेतो, उरलेलं घरच्यांना. तसंच देव थोडं पिईल आणि बाकीचं वर चढेल, असा सगळ्यांचा सरळ हिशोब. पाण्याला ही रीत ठाऊक नव्हती. त्याला खाली वाट मिळाली आणि ते वर गेलंच नाही.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मीही तिच्याशेजारी खडकावर बसले. आमच्या गावात मी आयुष्यभर गळत्या शोधल्या त्या सगळ्या हलगर्जीपणाच्या होत्या, कुणाचं लक्ष नाही म्हणून गळणाऱ्या. ही कुणीतरी मन लावून, हात जोडून पाडलेली होती, आणि ती मला बंद करायची होती.

थांबलेले दिवस

माझ्या पिशवीत क्लॅम्प होता. रबर लावून भोकावर पट्टी आवळायची, बोल्ट पिळायचे, काम फत्ते. आमच्याकडे असतं तर काय झालं असतं ते मला पक्कं माहीत आहे. बैठक, आरडाओरडा, एक गट इकडे, एक तिकडे, शेवटी पोलीस बंदोबस्तात दुरुस्ती. इथे कुणी एक शब्द काढला नाही. मी सरांना म्हटलं, जनीबाईला समजवा. ते थांबले, नेहमीपेक्षा जास्तच.

"काकू, नवस ज्याचा, त्यानेच सोडवायचा. आम्ही कसं बोलणार?"

"अहो, पण सगळ्यांचं पाणी अडलंय!"

"हो," ते म्हणाले. "म्हणून सगळे थांबलेत."

आणि खरंच सगळे थांबले. बाया डोहावरून हंडे आणत राहिल्या आणि जाता-येता जनीबाईच्या दारातल्या हंड्यात एकेक तांब्या ओतून जात राहिल्या, मुकाट्याने. पहाटे मोहाची फुलं वेचायला सगळ्या जायच्या, मीही जायची. धुक्यात वाकलेल्या आकृत्या, टोपलीत पडणाऱ्या फुलांचा मऊ आवाज, कुणी कुणाशी बोलत नाही. ते दिवस मला आता एकमेकांत मिसळून आठवतात. दुपारी उंबऱ्यात बसून समोरच्या डोंगरावरची सावली सरकताना बघायची, तिसऱ्या प्रहरी कोरा चहा, आणि जनीबाई भिंतीला टेकून गप्प.

एकदाच बोलली. "बाय, भोक बुजला आन् पोरीला कायी झाला तं?"

सळईने ते ऐकू येत नाही. मी म्हटलं, "मला नाही माहीत, जनीबाई. मला पाण्याचं तेवढं कळतं." खोटा धीर दिला असता तर तिने तो घेतला नसता, असं मला अजून वाटतं.

मग सरांच्या फोनवर रंजनाचा फोन आला. उद्या पहाटेच निघतोय. "आये, आला का पानी?" फोनमधला तो आवाज मलाही ऐकू आला. जनीबाईने फोन दोन्ही हातांनी धरला होता. "येल," ती म्हणाली. "तू ये."

पहिला हंडा

दुसऱ्या दिवशी सकाळी जनीबाई मला बोलवायला आली. हातात तांदळाचे दाणे, पदराला गाठ. आम्ही झऱ्यापाशी उतरलो, मागून एकेक करून सगळा पाडा. तिने दाणे वाहिले, पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावला, आणि देवाशी बोलायला लागली. भाषा तिची घरची होती, मला निम्मीच समजली. सर माझ्या कानाशी सांगत होते. कुणाशी भांडून झाल्यावर समजूत काढावी तसा तिचा सूर होता.

"तुला सुका ठेवनार नाय बोलली. नाय ठेवनार. पन तू असा बसून पिशील तं माझे पोरीला काय? आता तुझा मी आणीन. नळाला पानी आला का रोज पैला हंडा तुझा. माझे हाताने. मी हाय तवर मी, मंग माझी पोर, मंग तिची."

वारा नव्हता. फुलपाखरं ओल्या मातीवर पंख मिटत-उघडत बसली होती. ती बराच वेळ दगडांकडे बघत राहिली, कुणाचं तरी उत्तर ऐकावं तशी. मग डोळे पुसले आणि मला म्हणाली, "बसव बाय."

मी भोकावर रबर बसवलं, पट्टी आवळली आणि बोल्ट पिळत गेले. शेवटचा आटा बसला आणि तो फवारा, तो आवाज, एकदम थांबला. इतकं शांत झालं की मला रडू आलं. एका हंड्याने ते हिरवं काही टिकणार नव्हतं. नेचे जातील, फुलपाखरं दुसरीकडे जातील. हे मला कळत होतं आणि जनीबाईलाही कळत असणार. ती मागे न बघता चढायला लागली.

वर नळकोंडाळ्याभोवती सगळे उभे राहिलो. तोटी उघडी. बराच वेळ काही नाही. सर घड्याळाकडे बघायचे आणि लगेच दुसरीकडे बघायचे. मी सळई टेकवली, आणि ऐकू आलं. लांबून, सावकाश, गुणगुणत वर येणारं. "येतंय," मी म्हटलं. तोटी खोकली. हवा थुंकली, गंजाचं लाल पाणी थुंकली, पुन्हा थांबली, आणि मग धार लागली.

टाळ्या नाहीत, ओरडणं नाही. एका म्हातारीने धारेखाली नुसता हात धरला आणि तशीच उभी राहिली. मग सगळ्या मागे सरकल्या आणि जनीबाईचा हंडा पुढे आला. तो भरेपर्यंत कुणी ओंजळही लावली नाही.

ती हंडा डोक्यावर घेऊन निघाली आणि पहिल्याच उतारावर अडखळली. बाया "अगं बाय!" म्हणून धावल्या, पण तिने हात वर करून थांबवलं. मला आधी वाटलं गुडघा. गुडघा नव्हता. उभा जन्म ती रिकामा हंडा घेऊन उतरली होती आणि भरलेला घेऊन चढली होती. भरल्या हंड्याने उतरायचं कसं, हे तिच्या पायांना ठाऊकच नव्हतं. ती आडवी झाली, एकेक पाऊल चाचपत, खेकड्यासारखी तिरकी उतरायला लागली. हंड्याच्या काठावरून पाणी तिच्या कपाळावर सांडत होतं, गोंदणावरून गालावर. पाड्यातल्या बाया हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मीही तेच करत होते.

खिंडीतून तेव्हाच कुणीतरी वर येताना दिसलं. मागे पत्र्याची पेटी घेतलेला माणूस, पुढे पोटावर हात ठेवून, दर चार पावलांवर थांबणारी बाई. वाट अरुंद. दोघी मायलेकी निम्म्या उतारावर समोरासमोर आल्या. रंजना आईकडे बघत राहिली, तिच्या ओल्या तोंडाकडे, डोक्यावरच्या भरल्या हंड्याकडे, आणि तो चाललाय खाली, हे तिला उमगेचना.

"आये, पानी घेऊन उलटी कुठं चाललीस?"

जनीबाईने मोकळ्या हाताने तिच्या गालाला हात लावला, तिच्या पोटाला लावला, पण ती थांबली नाही.

"तू वर जा," ती म्हणाली. "घरचा पानी वर हाय. हा त्याचा."